मिरग ते चतुर्थी: जुन्या कंबरदुखीसाठी बारा आठवडे

काजूचा हंगाम संपला की डिचोलीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकात कंबरा यायला लागतात. आधी एक हात आत येतो, दाराची चौकट धरतो, आणि मग त्यामागून माणूस. "पेंकट धरलां गे बाय, चार म्हयने जाले." फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगरात वाकून बोंडं वेचलेली असतात, तेव्हा दुखण्याकडे बघायला सवड नसते. पहिला पाऊस पडला की सवड मिळते आणि दुखणंही आठवतं. सोबत बाकीचेही येतात: पणजीला रोज स्कूटरने ये-जा करणारे कारकून, बसचे चालक, ओट्यापुढे सकाळचे तीन तास काढणाऱ्या काकी, भजनात पखवाजावर बसणारे काका.

"व्यायाम केलात का?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं. केला, पण वाढलं म्हणून सोडला. खोदून विचारल्यावर कळतं की पहिल्याच दिवशी मोबाइलवर बघून चाळीस मिनिटं सगळं केलं, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून परसूही साफ केलं, तिसऱ्या दिवशी अंथरूण धरलं आणि आठवडाभर विश्रांती. मग पुन्हा बरं वाटलं, पुन्हा चाळीस मिनिटं. यात व्यायामप्रकार क्वचितच चुकलेला असतो. चुकलेलं असतं ते माप. गोळी सकाळी एक, रात्री एक अशी मोजून घेणारा माणूस व्यायाम मात्र ओंजळीने घेतो.

म्हणून हा लेख मुख्यतः मापाबद्दल आहे. तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी असणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे. परवा उचलताना उसण भरली असेल, तर चालतंफिरतं राहा, बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. (पायाळू माणसाने पाठीला लाथ लावली की उसण जाते, ही समजूत टिकून राहिली ती त्यामुळेच. जाणारच होती, श्रेय पायाळूला मिळालं.) बारा आठवडे धरायचं कारणही साधं: मिरगाला सुरुवात केली तर साधारण चतुर्थीच्या सुमाराला योजना पुरी होते, आणि चतुर्थी ही आपल्याकडे कंबरेची वार्षिक परीक्षा असते.

सुरू करण्याआधी

काही लक्षणं असतील तर हा लेख बाजूला ठेवा. स्कूटरच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पायांतली ताकद उतरू लागली, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जा. मणक्याच्या टोकाशी असलेल्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. चालताना एका पायातली चप्पल आपोआप निसटायला लागली, म्हणजे पाऊल वर उचलत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री घाम, पूर्वी झालेला कर्करोग, बरीच वर्षं चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, वयस्क माणसाचं साधंसं पडणं: यांपैकी काही असेल तर आधी तपासणी हवी. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात अजून दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीचं सोंग घेतो. पंचविशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे दुखून झोपमोड करत असेल, उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो संधिवाताच्या डॉक्टरचा विषय आहे.

यातलं काही नसेल तर आता एमआरआयचं पाकीट. "गादी सरकली आहे", "मणक्यात गॅप आहे", "एल-फोर एल-फाइव्ह गेला". हे शब्द कानावर पडल्या दिवसापासून माणूस काचेच्या बरणीसारखा वागायला लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांची चित्रं तपासली होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (लोक 'गादी' म्हणतात त्या) झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. फुगलेली चकती पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत होती. दुखत कोणाचंच नव्हतं. चित्र खोटं नसतं; पण केस पिकले म्हणून आपण डोकं दुखतं असं म्हणत नाही. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसतील तर ते पाकीट कपाटावर ठेवायला हरकत नाही.

यंत्रांबद्दल एक कबुली. नवी होते तेव्हा मीही पेशंटला झोपवून अल्ट्रासाउंडचं मशीन लावायची, वजनं लटकवून कंबर ताणायची, म्हणजे ट्रॅक्शन द्यायची. लोकांना ते आवडायचं, अर्धा तास पंख्याखाली पडायला मिळायचं. डिसेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात नको असं म्हटलंय. माझं अल्ट्रासाउंडचं मशीन आता कोपऱ्यात आहे, त्यावर पाण्याचा फिल्टर ठेवलाय.

कुठला व्यायाम सर्वांत चांगला, हा प्रश्न मात्र सोडून द्या. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात २४९ चाचण्या होत्या. व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं, न करणाऱ्यांच्या तुलनेत, शंभरपैकी सरासरी १५ गुणांनी कमी झालं. पंधरा म्हणजे चमत्कार नव्हे, पण रात्री कूस बदलताना जाग येणं आणि न येणं यांतला फरक तेवढाच असतो. आणि तो मिळतो तीन महिने केल्यावर.

पहिले तीन दिवस: फक्त मोजा

भिंतीवरचं कालनिर्णय किंवा मुलांची जुनी वही घ्या. तुम्हाला अडणारी तीन कामं लिहा. ती तुमचीच असू द्यात: "डिचोली ते पणजी स्कूटर", "नारळ किसायला आदोळीवर बसणं", "आरती संपेपर्यंत उभं राहणं". प्रत्येकापुढे शून्य ते दहा गुण द्या; शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे दुखण्याआधी जमायचं तसं. हे पान बारा आठवड्यांनी पुन्हा लागेल.

मग तीन दिवस घड्याळ लावून बघा, चालायला लागल्यावर दुखणं वाढेपर्यंत किती मिनिटं जातात. समजा १४, १० आणि १८ आली. सरासरी १४. त्यातला पाचवा भाग काढून टाका, राहिली ११. तुमचं चालणं ११ मिनिटांपासून सुरू होईल. बसण्याचं, उभं राहण्याचं माप असंच काढा.

या ११चा नियम कडक आहे आणि बहुतेक लोक इथेच नापास होतात. चांगल्या दिवशीही ११, वाईट दिवशीही ११. चांगल्या दिवशी थांबणं जास्त कठीण असतं. पाय चालत असतात, हवा छान असते, शेजारी गप्पा मारत असतो. तरी थांबायचं. कधी थांबायचं हे दुखण्याने ठरवायला लागलो की मेंदू प्रत्येक वेळी हेच शिकतो की चालणं म्हणजे दुखणं. घड्याळाने ठरवलं की तो धडा पुसला जायला लागतो. दर आठवड्याला एक किंवा दोन मिनिटं वाढवा, तीन नाही.

दुखण्याचंही माप ठरवून घेऊ. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही, तर माप जास्त झालं. व्यायाम सोडू नका, आकडा निम्मा करा. पायात उतरणारं दुखणं असेल तर वेगळी खूण बघा. पोटरीतलं दुखणं मांडीत, मांडीतलं कुल्ल्यात आलं तर गाडी बरोबर रस्त्यावर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी हरकत नाही. उलट ते खाली पावलाकडे सरकत गेलं तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही.

आठवडा १ ते ३: हालचाल परत आणणं

वेळ कुठलीही चालेल, फक्त अंथरुणातून उठल्याबरोबर नको. रात्री पडून राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एखाद-दीड सेंटीमीटर जास्त असते ती त्यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. अमेरिकेत १९९८ साली एका प्रयोगात सकाळचं वाकणं टाळायला शिकवलं, तेवढ्यानेही लोकांचं दुखणं कमी झालं. म्हणून उठल्यावरचा पहिला तास अंगण झाडणं, वाकून नळावर तोंड धुणं, सूर्यनमस्कार, सगळं पुढे ढकला. आधी चहा घ्या, थोडं फिरा.

जमिनीवर चटई आणि वर गोधडी. पाठीवर झोपा, गुडघे उभे. कमरेखाली एक हात घातलात तर तिथे पोकळी लागेल. श्वास सोडत ती पोकळी हलकेच जमिनीला टेकवा, पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा. दाबायचं नाही, हाताला जेमतेम कळेल एवढंच. मग एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडे घ्या, दहा अंक, सोडा, दुसरा. प्रत्येकी पाच वेळा. पुढे हात-गुडघ्यांवर या, मांजरासारखी पाठ वर करा, मग खाली सोडा. आठ वेळा, सावकाश, दोन्ही टोकांना जोर न लावता.

यानंतर पालथं झोपणं. याची एक गोष्ट आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे एक पेशंट येत असे, कंबर आणि पाय दुखणारा, तीन आठवडे काही फरक नाही. एक दिवस मॅकेंझीने त्याला पालथं झोपून राहायला सांगितलं. टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या पेशंटसाठी वर केलेलं होतं, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. मॅकेंझी काही मिनिटांनी आला तर हा गृहस्थ चांगला कमरेतून मागे वाकून पडलेला, आणि म्हणतोय की पायातलं दुखणं गेलं. त्या काळी कंबर मागे वाकवणं घातक समजत. त्या चुकीतून एक आख्खी उपचारपद्धत उभी राहिली.

आपण ती अशी करू. पालथे पडा, दोन मिनिटं नुसते. मग कोपरांवर या, दोन मिनिटं. त्रास नसेल तर तळहात टेकून छाती उचला, कंबर सैल, ओटीपोट जमिनीलाच. दहा वेळा वर-खाली. बसून, वाकून ज्यांचं वाढतं (स्कूटरवाले, चालक, काजू वेचणारे) त्यांना बहुधा याने आराम पडतो आणि ते दिवसातून तीन-चार वेळा करू शकतात. उभं राहून, चालून ज्यांचं वाढतं आणि बसलं की बरं वाटतं, विशेषतः साठीपुढचे, त्यांना बहुधा गुडघे पोटाशी घेणं मानवतं. त्यांनी पालथं उठणं सोडून द्यावं. दोघांनी एकमेकांच्या व्यायामाची शिफारस करू नये. नवरा-बायकोची कंबर एका घरात दुखत असली तरी ती एका जातीची असतेच असं नाही. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर जोराने पुढे वाकण्याचे प्रकार नकोत. गरोदर असाल तर पालथं झोपणं अर्थातच नाही, आणि बाकीचं डॉक्टरना विचारून.

आता चालणं, तेही पावसात. उन्हाळ्यात मिरामारला ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर चालणाऱ्यांना जून ते सप्टेंबर मी देऊळ सुचवते. छत असलेला मोठा सभामंडप असेल तर त्यात फेऱ्या घाला, प्रदक्षिणा मोजायची सवय आपल्याला असतेच. मंडपाची एक फेरी एक मिनिटाची निघाली की अकरा मिनिटांना अकरा फेऱ्या, घड्याळाचीही गरज नाही. टाच दुखणाऱ्यांनी गार फरशीवर अनवाणी चालण्यापेक्षा घरातल्या लांब पडवीत चपला घालून येरझारा घालाव्यात. कोणी हसलं तर हसू द्या.

आठवडा ४ ते ७: ताकद

दुखणाऱ्या कंबरेभोवतीचे स्नायू दोन प्रकारे बिघडतात. खोलवरचे, मणक्याला लागून असलेले, सुस्त होतात. वरचे मोठे मात्र सतत ताठ राहून दमतात. त्यात कुल्ल्याचे स्नायू बसून बसून काम विसरतात आणि त्यांचं ओझं कंबर उचलते. आता जे करायचं ते एक दिवस सोडून, आठवड्यातून तीनदा. पहिल्या टप्प्यातलं निम्म्यावर आणून अंग मोकळं करायला ठेवा. चालणं रोज.

कुल्ले उचलणं, योगवाल्यांचं सेतुबंधासन. पाठीवर, गुडघे उभे, टाचांवर जोर देऊन कुल्ले उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उतार दिसेपर्यंत. पाच अंक. आठ वेळा, दोन फेऱ्या. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा कुल्ल्यांच्या जवळ आणा.

दुसरा, हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवणं. कमरेवर पाण्याने भरलेला पेला ठेवलाय आणि तो सांडता कामा नये, असं समजा. पाय उंच न्यायचा नाही, मागे न्यायचा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी मणक्यावरचा भार वर्षानुवर्षं मोजला. त्यांनी निवडलेल्या तीन व्यायामांत हा आहे. मला त्यांची मोजायची रीत आवडते: एका वेळी दहा सेकंदच धरायचं, आणि फेऱ्या उतरत्या ठेवायच्या. प्रत्येक बाजूला आधी सहा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. दम लागतो तेव्हा काम कमी होतं, त्यामुळे दमलेल्या कमरेकडून वेडंवाकडं करून घेतलं जात नाही. पुढच्या आठवड्यांत आठ-सहा-चार.

तिसरा, कुशीवर. कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले, गुडघे आणि कोपर यांवर अंग उचलून धरायचं. इथेही दहा सेकंद, सहा-चार-दोन. खांदा दुखणाऱ्यांनी भिंतीला कोपर टेकून उभ्यानेच करावं.

चौथा व्यायाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर मी पेशंटचा सगळ्यात जास्त वेळ खाते: कुल्ल्यातून वाकणं. एक काठी पाठीवर उभी धरा. तिने तीन ठिकाणी टेकलं पाहिजे, डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाडाच्या वरचं हाड. आता गुडघे किंचित सैल करून कुल्ले मागे ढकला, जणू हातात पिशव्या आहेत आणि पार्श्वभागाने दार लोटायचंय. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. एक जागा सुटली की तिथेच थांबा, तेवढंच आजचं वाकणं. दहा वेळा, दोन फेऱ्या. पहिल्या दिवशी बहुतेकांची काठी माकडहाडावरून लगेच सुटते. दोन आठवड्यांत हात गुडघ्यांच्या खाली जायला लागतात. भातलावणीच्या दिवसांत हे शिकणाऱ्या बायका मला सांगतात की चिखलात अर्धा दिवस तरी असं वाकता येतं, मग विसरायला होतं. अर्धा दिवस पुष्कळ झाला.

खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, दहा वेळा, हे शेवटी जोडा. ते सोपं आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

आठवडा ८ ते १२: वजन

इथे लोक घाबरतात. "जड उचलू नका" हे वाक्य प्रत्येकाच्या फायलीवर कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं आणि त्याला मुदत नसते. पण घरात जड असतंच. भरलेला सिलिंडर तिशीच्या घरात जातो, १४.२ किलो गॅस आणि वरून लोखंड. नातवंडं दर महिन्याला जड होतात. कंबरेला आयुष्यभर वजन चुकवायला शिकवण्यापेक्षा हळूहळू उचलायला शिकवलेलं बरं.

बादली घ्या. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, घरबसल्या याहून अचूक वजन मिळणार नाही. ती स्टुलावर ठेवा. काठीशिवाय तेच कुल्ल्यातून वाकणं, बादली अंगाजवळ, श्वास सोडत उभं राहा. आठ वेळा, दोन फेऱ्या. आठऐवजी दहा वेळा सहज जमायला लागलं, आणि सलग दोन दिवस जमलं, की एक लिटर वाढवा. सात-आठ लिटर आलं की स्टूल काढून पाट ठेवा, मग जमीन. बारा आठवड्यांत दहा-बारा लिटर जमिनीवरून उचलणाऱ्या साठीच्या बाया मी बघितल्यात. ज्यांना तेवढं लागत नाही त्यांनी पाचावर थांबावं.

दुसरं, एका हातात बादली घेऊन पडवीत चालणं. एका बाजूला वजन असल्याने दुसरी बाजू अंग सरळ ठेवायला राबते. वीस पावलं, हात बदला, वीस पावलं, चार वेळा. आरशात किंवा सुनेला विचारून बघा, खांदे समपातळीत आहेत ना.

एव्हाना चालणं तीस मिनिटांच्या जवळ आलेलं असेल. ते सोडू नका. सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ७०१ लोकांवर केलेली एक चाचणी २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांपैकी काहींना फिजिओने हळूहळू आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटं चालण्यापर्यंत नेलं. त्यांचं दुखणं उलटायला मधल्या माणसाला (निम्म्यांचं त्याआधी उलटलं, निम्म्यांचं नाही) २०८ दिवस लागले, बाकीच्यांतल्या मधल्याला ११२. पैसे पडत नाहीत, चटई लागत नाही.

तुमच्या कामात हे कसं बसवायचं

स्कूटरवर सीटच्या अगदी पुढच्या टोकाला चिकटून बसू नका, कुल्ले मागे घ्या. खड्डा समोर दिसला तर पाय फुटबोर्डवर घट्ट रोवून अंग किंचित उचला. वीस मिनिटं हे तुमचं माप असेल तर विसाव्या मिनिटाला थांबा, पेट्रोल पंपावर, कुठेही, आणि उभ्याने कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाका. बसचालकांना शेवटच्या थांब्यावर मी हेच सांगते. खिशातलं जाडं पाकीट काढून ठेवा.

भजनाला बसताना खाली घडी घातलेलं घोंगडं किंवा उशी घ्या, म्हणजे कुल्ले गुडघ्यांपेक्षा उंच राहतात आणि कंबर मागे गोल होत नाही. दोन अभंगांच्या मध्ये मांडी बदला. वास्कोच्या सप्ताहाला रात्र काढणारे एक पखवाजवाले काका आता भिंतीजवळची जागा आधीच अडवून ठेवतात. आदोळीवर एका बैठकीत एकच नारळ. दुसऱ्यासाठी उठून पाच पावलं चाला, मग परत बसा. काजूला टोकाशी खिळा बसवलेली काठी वापरा. बोंड टोचून उचललं की शेकडो वाकणी वाचतात. ही युक्ती आपल्या बागायतदारांचीच आहे, मी फक्त आठवण करते, कारण घाई झाली की सगळे हातानेच वेचतात.

आणि चतुर्थी. मूर्ती आणताना दोघांनी उचलावी, यात भक्ती कमी होत नाही. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना टाचा उंचावून, मान मागे टाकून तासभर हात वर राहतात. स्टूल घ्या, आणि दर दहा मिनिटांनी जागा दुसऱ्याला द्या. नेवऱ्या (करंज्या) जमिनीवर बसून करण्याऐवजी टेबलावर केल्या तर त्या तेवढ्याच खुसखुशीत होतात. आठ दिवस आधी दोनदा तालीम म्हणून दोन तास उभ्याने स्वयंपाक करून बघा, दर पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं बसत. सणाच्या दिवशी पहिल्यांदाच सहा तास उभं राहणं म्हणजे पुन्हा ओंजळीने घेणं.

झोपण्याबद्दल थोडक्यात. "जमिनीवर झोपा" हा सल्ला जुना आहे. स्पेनमध्ये २००३ साली गाद्यांची तुलना केली तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये उशी. तेल, मुठेल, गरम पाण्याची पिशवी, मालीश, जे आवडतं ते करा. व्यायामाआधी केलंत तर अंग लवकर मोकळं होतं. त्याच्याऐवजी करू नका.

मध्येच पुन्हा धरलं तर

धरेल. बारा आठवड्यांत एकदा-दोनदा तरी धरतंच, बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात, जेव्हा बरं वाटून माणूस बेफिकीर होतो. म्हणून त्याची चिठ्ठी चांगल्या दिवशीच लिहून ठेवायची, वाईट दिवशी डोकं चालत नाही. माझ्या पेशंटच्या चिठ्ठीवर साधारण असं असतं: पहिले दोन दिवस ताकदीचे व्यायाम बंद, पहिल्या टप्प्यातले निम्म्या आकड्याने चालू. चालणं निम्मं, पण दिवसातून दोनदा. अंथरुणात एका वेळी तासाहून जास्त नाही. तिसऱ्या दिवशी पाऊण माप, पाचव्या-सहाव्या दिवशी मूळ माप. धोक्याच्या खुणा पुन्हा एकदा वाचा. आठवड्याने उतार नसेल तर फिजिओला फोन.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी वहीचं पहिलं पान काढा आणि त्या तीन कामांना पुन्हा गुण द्या. प्रत्येकात दोन-तीन गुण वाढले असतील तर आठवड्यातून दोनदा ताकद आणि पाच दिवस चालणं, एवढ्यावर पुढे टिकून राहा. काहीच हललं नसेल तर वही घेऊन या. माप कुठे चुकलं ते पानांवर बहुधा दिसतं.

चिठ्ठी बहुतेक जण फ्रिजवर चिकटवतात. पणजीला जाणाऱ्या माझ्या एका पेशंटने ती स्कूटरच्या डिकीत ठेवली आहे. तो म्हणतो, धरतं ते तिथेच, पर्वरीच्या सिग्नलला.